आधी सायकल बाहेर कशी निघेल ते पाहा

एका वाचक महिलेचं पत्र आहे. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. लिफ्ट आहे, पण तीत सायकल आडवी मावत नाही. घरात तीन सायकली. एक त्यांची स्वतःची: रोज कामावर न्यायची, पुढे बास्केट, मागे कॅरिअर, मधला आडवा दांडा नसलेली. दुसरी नवऱ्याची, गिअरची, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) डिस्क ब्रेकची, सुटीच्या दिवशी निघणारी. तिसरी अकरा वर्षांच्या मुलाची. तिन्ही सध्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये उभ्या असतात आणि शेजारी आता उघडपणे कुरकुरू लागले आहेत. नवऱ्याने भिंतीवर लावायचे तीन आडवे ब्रॅकेट पसंत केले आहेत; एकदा सायकली भिंतीवर गेल्या की कटकट संपेल, असं त्याचं म्हणणं. वर्षभरात यांना स्वतःसाठी बॅटरीची सायकलही घ्यायची आहे. त्यातच इमारतीच्या समितीने प्रवेशद्वाराजवळच्या ७ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद पट्टीत सायकल स्टँड बसवायचं ठरवून निवडीचं काम यांच्यावर टाकलं आहे. कॅटलॉगमध्ये दोन पर्याय त्यांना आवडले: ७ मीटरमध्ये २० सायकली घेणारा, पुढचं चाक खाचेत घालायचा स्टँड, आणि एक दुमजली. त्या विचारतात, “घरात आणि खाली, दोन्हीकडे कमीत कमी जागेत जास्तीत जास्त सायकली मावतील असं काय घेऊ?”

तुमचं पत्र वाचून तुम्हालाच एक प्रश्न विचारावासा वाटला. या तीन सायकलींपैकी उद्या सकाळी कुठली बाहेर निघणार आहे? उत्तर पत्रातच आहे: तुमची. रोज. नवऱ्याची आठवड्यातून एखाद्या वेळी आणि मुलाची त्याला लहर येईल तेव्हा. तरीही तिन्हींसाठी एकच व्यवस्था, एकाच प्रकारचे तीन ब्रॅकेट, असा विचार घरात चालू आहे. घोडं इथेच अडतंय.

सायकल कुठे ठेवायची हे ठरवताना आपल्या डोळ्यांपुढे बहुधा संध्याकाळ असते. दमून घरी आलो, ही वस्तू एकदाची बाजूला जाऊ दे. पण कुठलीही व्यवस्था टिकते की मोडते ते सकाळी कळतं. उशीर झालेला, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात किल्ली, आणि सायकल छातीइतकी उचलून दोन आकड्यांतून सोडवायची. आठवडाभर माणूस हे नेटाने करतो. मग एका रात्री सायकल दाराशी टेकवली जाते, “आजच्यापुरती”. महिनाभरात ब्रॅकेटवर ओले टॉवेल दिसू लागतात. तेव्हा माझी कसोटी अशी: रोजची सायकल काहीही न उचलता आणि दुसरी कुठलीही सायकल न हलवता निघाली पाहिजे. कधीमधी निघणाऱ्या सायकलीसाठी थोडे कष्ट पडले तर हरकत नाही. तुमचा प्रश्न किती मावतील हा आहे; मी आधी किती सहज निघतील हे विचारेन. मग पुष्कळ पर्याय आपोआप गळतात.

काही ठरवण्याआधी मापं घ्या. मोठ्या माणसाची सायकल साधारण १.७ ते १.९ मीटर लांब असते, हँडलपाशी ६० ते ७० सेंटीमीटर रुंद आणि जमिनीपासून मीटरभर उंच. सगळा घोळ त्या हँडलचा असतो. बाकीची सायकल तशी चपटीच. पॅडल सोडले तर वीतभर जागेत बसेल. वजनात मात्र सायकली-सायकलींत फार फरक असतो. गिअरची हलकी सायकल १० ते १३ किलोची, मडगार्ड-कॅरिअर-बास्केटसकट रोजची १६ ते २० किलोची, बॅटरीची २० ते २८ किलोची. घरात वजनकाटा असेल तर आधी स्वतः उभ्या राहा, मग सायकल उचलून उभ्या राहा आणि फरक मोजा. उचलताना जे काही होईल, तो फुकट मिळालेला सल्ला समजा.

आता ते तीन ब्रॅकेट. आडवा ब्रॅकेट म्हणजे भिंतीतून पुढे आलेले दोन हात. त्यांवर सायकलचा आडवा दांडा टेकतो. तुमच्या सायकलला आडवा दांडाच नाही. ती त्यावर बसणार कशी? सीटखालच्या नळीपासून हँडलच्या मानेपर्यंत लावायचा एक जोडदांडा मिळतो, तो लावून जमवता येतं. पण म्हणजे रोज सकाळी १८ किलो उचलायचे आणि वर एक दांडा काढायचा-लावायचा. मुलाची सायकल त्याने स्वतः छातीच्या उंचीवर उचलावी अशी अपेक्षा धरू नका. शिवाय दोन वर्षांत सायकल बदलेल, तेव्हा ब्रॅकेटची उंचीही बदलावी लागेल. उरली नवऱ्याची सायकल. तिच्यासाठी आडवा ब्रॅकेट खरोखरच चांगला आहे. म्हणजे निवड चुकीची नाही, फक्त तिघांऐवजी एकाची आहे. तीनऐवजी एक घ्या, आणि हे घरात सांगताना माझं नाव पुढे करायला हरकत नाही.

तो एक कुठे लावायचा हे मात्र नीट पाहा. आडवी टांगलेली सायकल हँडलमुळे भिंतीपासून ६० ते ६५ सेंटीमीटर पुढे येते. जाण्यायेण्याच्या वाटेवर ती कुणाच्या तरी खांद्याला लागणार. त्यामुळे जिथे खाली काहीतरी आहेच, म्हणजे टेबल, बैठं कपाट, पलंगाची पायथ्याकडची बाजू, तिथे वर टांगली तर ती जागा तशीही रिकामीच होती. सुटीच्या दिवशीचीच सायकल असल्याने हँडलच्या मानेचे बोल्ट सैल करून हँडल पाव फेरा फिरवता येतं. सायकल बरीच चपटी होते. निघताना ते सरळ करून घट्ट करायचं कोण लक्षात ठेवणार, हे नवरा-बायकोंनी आधी ठरवा. सैल हँडलची सायकल उतारावर घालणं म्हणजे थेट अपघात. हे रोज करायचं कामच नव्हे.

भिंतीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण या बाबतीत लोक ब्रॅकेटची तारीफ वाचतात आणि भिंतीकडे बघतच नाहीत. ब्रॅकेटवर बारा किलोंचं वजन नुसतं खाली ओढत नाही. ते भिंतीपासून पुढे असल्यामुळे वरचा स्क्रू बाहेर उपटायला बघतं. काँक्रीट किंवा भरीव विटांच्या भिंतीत योग्य मापाचे प्लग किंवा अँकर हे सहज पेलतात. पोकळ किंवा हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर साधा प्लग काही महिन्यांत ढिला होतो. अशा भिंतीसाठी वेगळे अँकर असतात, तेच मागा. जिप्समच्या बोर्डावर तर सायकल टांगूच नका, मागच्या धातूच्या किंवा लाकडाच्या चौकटीत स्क्रू जात असेल तरच विचार करा. ठोकून आवाज ऐका, एक छोटं छिद्र पाडून बाहेर येणारी भुकटी बघा. नुसता गिलावा भुरभुरला आणि ड्रिल एकदम आत गेलं तर थांबा. भिंतीतून वायर आणि पाण्याचे पाइप कुठून गेलेत तेही आधी विचारून घ्या.

उभं टांगण्याचा पर्याय तुमच्या पत्रात नाही, पण बऱ्याच वाचकांच्या उपयोगाचा आहे. एका आकड्यात पुढचं चाक अडकवायचं, मागचं चाक खाली भिंतीला टेकतं. सायकल भिंतीपासून एक ते सव्वा मीटर पुढे येते, पण भिंतीची लांबी मात्र हँडलएवढीच खाते. दोन-तीन सायकली शेजारी टांगायच्या असतील तर आकडे एकाच उंचीवर न लावता एक वर, एक वीस-तीस सेंटीमीटर खाली असे लावायचे; मग हँडलं एकमेकांत अडकत नाहीत आणि दोन आकड्यांतलं अंतर ४० ते ४५ सेंटीमीटरवर येतं. पुढे लांब मडगार्ड असेल तर काही आकड्यांत चाक नीट बसत नाही, हे आधी करून पाहा. यात वजन पूर्ण उचलावं लागत नाही असं विक्रेते सांगतात. ते अर्धंच खरं आहे. सायकल मागच्या चाकावर उभी केली तरी शेवटचा झटका वर द्यावा लागतोच. अवजड सायकलसाठी त्यापेक्षा मागच्या चाकावर उभी ठेवायचा, जमिनीवर बसवलेला स्टँड बरा. त्यात चाक जमीन सोडतच नाही.

चाकावर टांगल्याने रिम वाकते का, हा प्रश्न मला वरचेवर येतो. नाही वाकत. त्याच चाकावर एक माणूस बसून खड्ड्यांतून जातो. त्यापुढे सायकलीचं स्वतःचं वजन काहीच नाही. आकड्यावर रबर किंवा प्लॅस्टिकचं आवरण असावं आणि तो व्हॉल्व्हवर किंवा डिस्कवर येऊ नये, इतकं बघा. हायड्रॉलिक ब्रेकची भीती थोडी खरी आहे. तेलात हवेचा बुडबुडा राहिला असेल तर सायकल उभी टांगल्यावर तो सरकून नळीत येऊ शकतो आणि लिव्हर स्पंजासारखा मऊ लागतो. ब्रेक नीट भरलेले असतील तर असं होत नाही. तरी उभी टांगलेली सायकल काढल्यावर निघण्याआधी दोन्ही ब्रेक चारपाच वेळा दाबून पाहायची सवय ठेवावी, आणि लिव्हर मऊच राहिला तर ब्रेक दुरुस्तीला द्यावेत, टांगण्याला दोष देऊ नये.

छताला दोरी आणि कप्पीने ओढून घ्यायची सोय मला फारशी आवडत नाही. फोटोत सुरेख दिसते. उंच छत असेल आणि सायकल वर्षातून चारदा निघत असेल तर ठीक. बाकी ठिकाणी डोक्यावर लोंबणारा कंटाळाच.

मुलाच्या सायकलबद्दल एवढंच म्हणेन, की ती जमिनीवर आणि त्याच्या हाताच्या टप्प्यात राहू दे. मुलाला सायकल काढायला मोठ्या माणसाला हाक मारावी लागली की सायकल चालवणं निम्म्यावर येतं.

आता पॅसेज. इथे मी तुमच्या बाजूने नाही. तुमच्या शेजाऱ्यांची कुरकुर तुम्हाला खडूसपणा वाटते, असं पत्राच्या सुरावरून दिसतं. पण पॅसेज आणि जिना ही आग लागली तर सगळ्यांनी धुरातून, अंधारातून, चाचपडत बाहेर पडायची वाट आहे. तिथे तीन सायकली म्हणजे पायात अडकणारी तीन हँडलं आणि सहा पॅडल. रुंदी पुरेशी आहे, माणूस आरामात जातो, हा युक्तिवाद उजेडात आणि शांतपणे चालणाऱ्या माणसापुरता ठीक आहे. कुणी कुणाला उचलून नेत असेल तर नाही. नवी व्यवस्था ठरेपर्यंत वाट न पाहता या आठवड्यातच सायकली तिथून काढा. शेजाऱ्यांना आपण होऊन सांगितलंत तर पुढे स्टँडच्या चर्चेत तेच तुमच्या बाजूने बोलतील.

बॅटरीची सायकल घेणार असाल तर ही गोष्ट आणखी गंभीर होते. लिथियम-आयन बॅटरीला आग लागली तर ती मिनिटांत भडकते, विषारी धूर सोडते आणि विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटू शकते. न्यूयॉर्क शहरात अशा आगी इतक्या वाढल्या की तिथे २०२३ मध्ये कायदा करून प्रमाणित नसलेल्या बॅटरीच्या सायकली विकायलाच बंदी घातली गेली. त्यासाठी यूएल या अमेरिकी सुरक्षा-चाचणी संस्थेचं २८४९ हे मानक धरलं आहे. तुम्हीही सायकल निवडताना बॅटरी आणि चार्जरला कुठलं मान्य प्रमाणपत्र आहे ते विचारा. चार्जर सायकलसोबत आलेलाच वापरा. जिन्यात, पॅसेजमध्ये किंवा घराच्या एकुलत्या एक दारापाशी चार्जिंग कधीच नको. आग दारात आणि माणसं आत, ही सगळ्यात वाईट मांडणी. रात्रभर, सगळे झोपलेले असतानाही नको. जिचं कवच फुटलंय, जी फुगली आहे किंवा जोरात आपटली आहे ती बॅटरी चार्ज करायची नाही. बरेच दिवस वापरायची नसेल तर अर्धी किंवा थोडी जास्त भरलेली, कोरड्या आणि थंड जागी ठेवा. काढता येणारी बॅटरी असलेली सायकल घेतलीत तर बॅटरी तेवढी वर येईल आणि पंचवीस किलोंची सायकल खालीच राहील.

खालीच राहील! तुमच्या पत्रातले दोन प्रश्न मला इथे एक झालेले दिसतात. तुम्ही घर वेगळं आणि समितीचं काम वेगळं धरलं आहे. पण खालचा स्टँड जर असा झाला, की तुम्ही स्वतःची रोजची सायकल रात्रभर तिथे लावून निर्धास्त झोपाल, तर वर दोनच सायकली उरतात, एक भिंतीवर आणि एक लहान. घरातला प्रश्न निम्म्याहून जास्त तिथेच सुटतो. उलट, खालचा स्टँड असा झाला की तुम्ही स्वतः सायकल वरच न्याल, तर बाकीचे रहिवासीही तेच करतील आणि पॅसेज पुन्हा भरतील. समितीपुढे ठेवायला याहून सोपी कसोटी मला सुचत नाही: निवडणाऱ्याने स्वतःची सायकल रात्री तिथे ठेवली असती का?

त्या कसोटीवर खाचांचा स्टँड पहिल्या फेरीत बाद होतो. तो फक्त पुढचं चाक धरतो. सायकल जरा कलली, कुणाचा धक्का लागला, की सगळा भार चाकाच्या कडेवर येतो; रिम वाकते, डिस्क ब्रेक असेल तर पातळ डिस्क वाकते. आणि कुलूप लावणार कुठे? बहुतेक वेळा पुढच्या चाकालाच. चाक झटकन निघणारं असेल तर चोर चाक तिथेच ठेवून बाकी सायकल घेऊन जातो.

त्यापेक्षा मला त्या २० च्या आकड्याची गंमत वाटते. ७ मीटरमध्ये २० म्हणजे एका सायकलीला ३५ सेंटीमीटर. हँडल ६० च्या वर. शेजारशेजारच्या खाचांत दोन सायकली घालून बघा: हँडलं एकमेकांवर चढतात, ब्रेकच्या वायरी अडकतात, आणि मधली सायकल काढायला तीन सायकली हलवाव्या लागतात. म्हणून लोक एक खाच सोडून लावतात. मग ७० सेंटीमीटरला एक, म्हणजे ७ मीटरमध्ये १०. कॅटलॉगमध्ये खाचा मोजलेल्या असतात, सायकली नव्हे.

आता साधा उलट्या यू आकाराचा स्टँड घ्या. जमिनीतून वर येऊन परत जमिनीत गेलेली एक जाड नळी, साधारण ७५ सेंटीमीटर उंच आणि त्याहून थोडी जास्त लांब. इंग्लंडमध्ये याला शेफील्ड स्टँड म्हणतात आणि अनेक देशांतल्या पार्किंगच्या मार्गदर्शिका याचीच शिफारस करतात. सायकल त्याला दोन ठिकाणी टेकते, त्यामुळे कलंडत नाही. दोन्ही बाजूंना एकेक सायकल लागते. आणि मुख्य म्हणजे फ्रेम आणि चाक एकत्र धरून कुलूप लावता येतं. दोन स्टँडमध्ये मीटरभर अंतर हवं. भिंतीजवळच्या शेवटच्या स्टँडला भिंतीपासून निदान ६० सेंटीमीटर. तुमच्या ७ मीटरमध्ये दोन्ही टोकांची जागा सोडून असे सहा बसतात. म्हणजे १२ सायकली, बाराच्या बारा सुट्या निघणाऱ्या. जास्त “मावणारा” पर्याय प्रत्यक्षात कमी सायकली ठेवतो, हे समितीला कागदावर आकृती काढून दाखवा. बोलून पटणार नाही. दोन स्टँड भाड्याने किंवा उसने मिळाले तर खऱ्या सायकली लावून दाखवणं सगळ्यात उत्तम.

रुंदीचा हिशेब तुमच्या बाजूने आहे. सायकलींना २ मीटर आणि समोर सायकल वळवून काढायला पावणेदोन-दोन मीटरची मोकळी वाट, एकूण ४. ही वाट कुणी स्कूटर लावून अडवणार नाही असं काहीतरी आधीच करा, नुसती सूचना लिहून ती पाळली जात नाही.

दुमजली स्टँडवर मी सरसकट फुली मारणार नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त स्थानकाखाली १२,५०० सायकलींचं पार्किंग आहे, २०१९ मध्ये पूर्ण झालं. तिथे दुमजलीच स्टँड आहेत आणि लोक ते रोज वापरतात. ॲमस्टरडॅमच्या मुख्य स्थानकासमोर पाण्याखाली ७,००० सायकलींची जागा २०२३ मध्ये सुरू झाली. टोकियोत तर जमिनीखाली गोल विहिरीसारखी यंत्रं आहेत. वर दारात सायकल उभी केली की यंत्र ती खाली नेऊन ठेवतं, एका विहिरीत २०४ सायकली. पण या जागांत देखरेखीला माणसं आहेत, वाटा रुंद आहेत, रिकामी जागा कुठे आहे ते दाखवणारे दिवे आहेत, आणि दिवसाला हजारो सायकली येतात म्हणून तो खर्च अंगी लागतो. तुमच्या प्रवेशद्वाराशी वरच्या मजल्याच्या स्प्रिंगमध्ये तेल घालायला कोण येणार? शिवाय दुमजलीला डोक्यावर २.७ मीटरच्या आसपास मोकळी उंची लागते, वरचा रूळ बाहेर ओढायला समोरची वाट आणखी रुंद लागते, आणि वर सायकल चढवायला ताकद लागते. मुलं, वयस्कर माणसं, बास्केटवाल्या आणि बॅटरीच्या सायकली, या सगळ्यांना खालचा मजलाच हवा असतो. मग खाली गर्दी आणि वर कोळ्यांची जाळी.

तुमच्या १२ पैकी शेवटच्या टोकाची एक जागा मी जास्त रुंद सोडेन. तीनचाकी, सामानाची लांब सायकल, मागे मुलाची ट्रॉली जोडलेली सायकल, अपंग व्यक्तीची वेगळ्या घडणीची सायकल: ही आज इमारतीत नसेल, पण जागाच नसेल तर उद्या येणारही नाही. ब्रिटनच्या सरकारी सायकल मार्गदर्शिकेत, २०२० च्या, अशा सायकलींसाठी ५ टक्के जागा ठेवायला सांगितलं आहे. लहान ठिकाणी ५ टक्के म्हणजे एकच जागा, पण ती हवी.

बसवणाऱ्याशी बोलताना पुढच्या गोष्टींवर अडून राहा. नळी साधारण ५ सेंटीमीटर जाडीची असावी. फार जाड असेल तर डी लॉक, म्हणजे इंग्रजी डी आकाराचं कडक कुलूप, तिच्याभोवती बसत नाही, फार बारीक असेल तर कापायला सोपी. पाय काँक्रीटमध्ये पुरलेले असावेत. नुसत्या बोल्टवर बसवणार असतील तर पाना लावून न सुटणारे बोल्ट हवेत, कारण सुटणारा स्टँड म्हणजे चोराला सायकलीसोबत स्टँडही दिल्यासारखं. जस्ताचा गरम मुलामा दिलेलं किंवा स्टेनलेस स्टील घ्या. नुसता रंग कुलपांच्या घासण्याने उडतो आणि तिथून गंज धरतो.

जागा कुठे, हेही स्टँडइतकंच महत्त्वाचं. प्रवेशद्वाराजवळची तुमची पट्टी चांगली आहे, ती मागच्या कोपऱ्यात ढकलायचा प्रस्ताव आला तर विरोध करा. येणाऱ्याजाणाऱ्यांची नजर आणि रात्री दिवा, या दोन गोष्टींनी जेवढी राखण होते तेवढी आड जागेतल्या कुंपणाने होत नाही. ग्रंथालय, दवाखाना, कार्यालय अशा ठिकाणी स्टँड बसवणाऱ्या वाचकांसाठी सांगतो: थोड्या वेळासाठी येणारा माणूस दारापासून दहापंधरा मीटरच्या पुढे सायकल लावायला जात नाही, तो जवळच्या रेलिंगला बांधतो आणि मग आपण त्याला बेशिस्त म्हणतो. त्याला छप्पर नसलं तरी चालतं, दार जवळ हवं. रात्रभर किंवा दिवसभर सायकल ठेवणाऱ्याचं उलट. त्याला चार पावलं जास्त चालतील, छप्पर हवं. तुमच्या इथे रात्रीचा मुक्काम आहे, तेव्हा पट्टीवर छप्पर घालाच. छप्पर होईपर्यंत सायकलवर प्लॅस्टिकचं घट्ट आवरण गुंडाळू नका. आत दमटपणा कोंडून गंज लवकर येतो. खालून हवा खेळेल असं सैल आवरण ठेवा आणि ओल्या चेनवरून एकदा कोरडं फडकं फिरवा.

कुलूप कसं लावायचं याचा कागद स्टँडजवळ चिकटवला तरी बराच फरक पडतो. फ्रेम आणि मागचं चाक, दोन्ही स्टँडला एकत्र. कुलपाच्या आत जितकी कमी पोकळी राहील तितकं पहार घालायला अवघड. बारीक वायरचं कुलूप लहान कटरनेही तुटतं. ते फक्त पुढच्या चाकासाठी जोडीला ठीक.

उरला प्रश्न, इमारतीत समजा २० सायकली असतील तर त्या १२ जागांत कशा बसवायच्या. माझा अंदाज, बसवाव्या लागणार नाहीत. स्टँडची मागणी देण्याआधी इमारतीतल्या सगळ्या सायकलींना तारीख घातलेली एकेक चिठ्ठी बांधा: “ही सायकल वापरात असेल तर चिठ्ठी काढून समितीला द्या.” महिनाभर थांबा. ज्यांच्या चिठ्ठ्या तशाच लोंबत राहतील त्यांच्या मालकांना दार वाजवून विचारा. टायर बसलेल्या, चेन गंजलेल्या दोनतीन तरी निघतीलच, आणि मालक बहुधा देऊन टाकायला तयारच असतात, फक्त कुणी विचारलेलं नसतं. कुणाच्याही मालकीची नाही असं ठरेल ती सायकल फोटो काढून, लेखी नोंद करून मगच हलवा. नाहीतर नंतर कुणीतरी गावाहून परत येतो आणि भांडण समितीच्या गळ्यात पडतं. त्यानंतर वापरातल्या सायकलींपैकीही ज्या महिन्यातून एखाद्या वेळी निघतात त्यांच्यासाठी तळमजल्यावर एखादी कुलूपबंद खोली मिळते का बघा. तिथे वर-खाली आकडे लावून पाच-सहा सायकली उभ्या टांगता येतील. तरीही बाहेरच्या जागा कमी पडल्या तर दुसऱ्या रांगेसाठी जागा मागा. मात्र स्टँडमधलं मीटरभराचं अंतर कमी करून एक-दोन जास्त बसवू द्यायला तयार होऊ नका. ठेकेदार ते सुचवेलच.